नववी ओळ

वहीत मी लिहिते: गुरुवार, उणे चौदा,
हजर सात जणी आणि हेडली.
चर्चच्या तळघरातला हीटर पुन्हा खोकतोय.
चहात डब्यातलं घट्ट दूध,
कारण दुधाची गाडी बर्फात अडकली आहे
आणि गाव न्यूफाउंडलंडच्या पार टोकाला.

जावक: बंदरावरच्या खलाशांसाठी पंचवीस टोप्या.
मोजे अकरा, म्हणजे साडेपाच जोड;
बारावा हेडलीच्या सुयांवर अडून बसलाय.
जाळी विणण्यात त्याची चाळीस वर्षं गेली.
मग समुद्रातला कॉड संपला
आणि हात रिकामे झाले.
टाचेच्या वळणावर टाका सुटला
की हातातून मासा निसटावा तशी
तो शिवी हासडतो,
मग वर चर्च आहे हे आठवून
जीभ चावतो.

इस्पितळासाठी टोप्या चौदा.
इतक्या लहान, की मापाला संत्रं घ्यावं लागतं.
त्यातल्या काही पांढऱ्या.
पांढऱ्या कुणासाठी, ते वहीत लिहायचं नाही,
फक्त आकडा लिहायचा. या महिन्यात दोन.
त्या विणताना व्हर्ना बोलत नाही,
एरवी ती झोपेतही बोलते, असं तिचा नवरा सांगतो.

आमच्या हातून गेलेलं कधी परत येत नाही.
खोकी जातात, आभाराचं छापील पत्र येतं,
त्यात गिल्डचं नाव हमखास चुकीचं.
कुणाच्या कानांवर काय बसलं,
कोणत्या बोटाला भोक पडलं,
आम्हाला काय माहीत.

आज जिना उतरून एक माणूस आला.
खनिजाच्या जहाजावरचा, रोडेलिओ नावाचा;
जहाज तीन दिवस बर्फात रुतलेलं.
त्यानं खिशातून करडी टोपी काढली.
गेल्या साली इथूनच मिळालेली,
विंचच्या आकड्यात अडकून फाटलेली.
फिलोमिनानं अख्खं खोकं टेबलावर पालथं केलं,
लाल, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या.
घे की, दोन घे!
तो हसला, मान हलवली,
आणि फाटकी पुढे सरकवली.
ही.

व्हर्नानं ती उलटी केली, दिव्याखाली धरली,
काठापासून ओळी मोजल्या,
नवव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.
सगळ्या सुलट टाक्यांत एक उलट.
एफी, म्हणाली.

एफी ऑक्टोबरात गेली.
तिच्या प्रत्येक टोपीत, नवव्या ओळीत, हा एक टाका.
नजर गेली म्हातारीची, असं आम्ही म्हणायचो.
आणि आता लिहूनच टाकते,
कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही:
मी तिच्या टोप्या घरी नेऊन
नवव्या ओळीपर्यंत उसवायचे
आणि नीट विणून खोक्यात ठेवायचे.
किती, ते मोजलं नाही.
ही एक माझ्या तावडीतून सुटली.

ती चूक होती की सही होती,
विचारायचं राहिलं.

भोक कोण सांधणार, यावर जरा वाद झाला.
मग हेडलीनं न विचारता टोपी ओढून घेतली.
मोज्याची टाच वळवणं त्याला जमत नाही,
पण भोक म्हणजे त्याचा उभा जन्म.
फाटक्या कडा त्यानं आधी साफ केल्या,
जाळ्याला घालतात तशा गाठी घातल्या,
एकदाही शिवी दिली नाही.
नववी ओळ लांब होती भोकापासून.
तिला कुणी हात लावला नाही.

रोडेलिओ दोन कप चहा प्यायला,
आईला पाठवायला म्हणून आमचा एक फोटो काढला,
त्यात मी नाही, मी लोकर उचलत होते.

वहीत दुरुस्तीचा रकाना नाही.
आवक या शब्दाखाली आजवर फक्त लोकर होती.
तिथंच लिहिलं: टोपी, करडी, एक.
पुढच्या रकान्यात विणणाऱ्याचं नाव,
ते मी दोनदा लिहिलं,
पहिल्यांदा शाई नीट उमटली नाही.

बारावा मोजा अजून टाचेवरच आहे.